शून्य लिहिण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

दिवेलागणीला मंडळी घराकडे वळतात, तेव्हा माझं काम सुरू होतं. मी वटवाघळांचा अभ्यास करते आणि त्यांच्या सर्वेक्षणांचं नियोजन बघते. कुठे जुनं घर उतरवायचं असतं, कुठे रस्त्यासाठी झाडं तोडायची असतात, कुठे पवनचक्क्या उभ्या राहणार असतात. त्याआधी तिथे वटवाघळं आहेत का, कोणत्या जातीची, किती, आणि पिल्लं आहेत का, हे आम्ही पाहून सांगायचं.

पिल्लांचं एवढं का विचारतो? बहुतेक वटवाघळांच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. उंदराएवढा जीव, पण उंदरासारखी वीण नाही. आयुष्य मात्र लांबलचक. सायबेरियात खूण करून सोडलेलं एक वटवाघूळ तब्बल ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं होतं, आणि त्या जातीचं वजन असतं जेमतेम सात ग्रॅम. अशांची एक वस्ती उद्ध्वस्त झाली की ती भरून यायला किती वर्षं लागतील, तुम्हीच विचार करा.

यांना शोधायचं कसं? त्यांचा आवाज आपल्या कानांना सहसा ऐकू येत नाही. आपली धाव २० किलोहर्ट्झपर्यंत, त्यांचा बराचसा कारभार त्याच्या वर. १९३८ साली डोनाल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्याने हार्वर्डमध्ये प्राध्यापक पिअर्स यांच्या यंत्रासमोर वटवाघळं नेली, आणि माणसाला गप्प वाटणारा हा प्राणी सतत बोलत असतो हे कळलं. आज आमच्या हातातला डिटेक्टर तो आवाज खाली आणून ऐकवतो. टिक... टिक... टिक... आणि मधेच ती टिकटिक एकमेकींत मिसळून फर्रर्र होते. म्हणजे समोरच्या काळोखात एका किड्यावर झडप पडली. हजारदा ऐकलंय, तरी अंगावर काटा येतो.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते सांगते. या कामातला सगळ्यात अवघड आकडा म्हणजे शून्य.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. एक जुनं दगडी घर, त्याचं छप्पर बदलायचं होतं. आम्ही चौघं चार कोपऱ्यांना बसलो. वारा गार होता. दोन तास गेले, काही नाही. मी फॉर्मवर शून्य लिहायला घेतलं, तर आमच्या सरांनी पेन धरलं. म्हणाले, "अगं, आज किडे उडाले का? मग ती कशाला बाहेर येतील?" सकाळी त्यांनी मला त्या घराच्या खिडकीशी नेलं. कट्ट्यावर चारदोन बारीक काळ्या लेंड्या होत्या. उंदराच्याच वाटाव्यात अशा. सरांनी हातमोज्यात एक चुरडली. तिची भुकटी झाली आणि भुकटीत किड्यांच्या पंखांचे तुकडे चमकले. उंदराची लेंडी अशी भुरभुरत नाही. वर पाहिलं, तर छपराच्या कडेला अंगठ्याएवढी फट.

पुढच्या उबदार रात्री त्या फटीतून ६३ वटवाघळं बाहेर पडली.

माझं शून्य तसंच गेलं असतं, तर छप्पर उतरलं असतं. अंगावर शहारा येतो आजही.

म्हणून आता मी वेळापत्रक आखते तेव्हा थंडी-वाऱ्याची रात्र मोजत नाही, एका फेरीवर निकाल देत नाही. "लवकर सही करा" असं म्हणणारे भेटतातच, पण मी सही करत नाही. टीमला एकट्याने काम करू देत नाही, आणि पहाटेपर्यंत जागलेल्याच्या हाती गाडीची किल्ली तर नाहीच. रेबीजची लस घेतलेल्यानेच, हातमोजे घालून वटवाघूळ हाताळायचं. गुहेतून आलं की बूट, कपडे निर्जंतुक करायचे, कारण बुरशीचे बीजाणू आपल्याबरोबर दुसऱ्या गुहेत पोचू शकतात. २००६ पासून एका बुरशीने उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं मारली आहेत.

जाळ्यात सापडलेलं वटवाघूळ हातात घेण्याचा क्षण मात्र वेगळाच. पंख अलगद उघडून मागून टॉर्च धरायचा. तो पंख म्हणजे हाताचा पंजाच, लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी. बोटांच्या सांध्यात उजेड आरपार दिसला, तर हाड अजून जुळायचंय. म्हणजे हे याच हंगामातलं पोर. मोजमाप घ्यायचं, कापडी पिशवीत वजन करायचं आणि लगेच सोडायचं.

त्या दगडी घराचं काम पिल्लं उडेपर्यंत थांबवलं गेलं. मालकांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. महिन्याभराने मी पुन्हा त्याच कोपऱ्यात बसले, खिशात काउंटर घेऊन. एक, दोन, पाच, वीस... काही जण फटीतून निघून गडबडल्यासारखे भिंतीलगतच फिरत होते, नवखी उडणारी. रात्र झाली तेव्हा काउंटरवर आकडा होता ९८.