रुफारोच्या फाटकाबाहेरचे श्रोते

श्रोतेहो, नमस्कार.

आज ११ मे. १९८१ साली याच तारखेला अमेरिकेतील मायामी शहरात बॉब मार्ली हा जमैकन गायक कर्करोगाने वारला, तेव्हा तो अवघा ३६ वर्षांचा होता. त्याचा चेहरा आपल्यापैकी बहुतेकांना ओळखीचा आहे, कारण गोव्यात हणजूणच्या बाजारात तो लाल, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांसह अंगरख्यांवर छापून विकला जातो. मात्र ते अंगरखे घालणाऱ्या दहाजणांपैकी दोघांनी तरी त्याची गाणी शेवटपर्यंत ऐकली असतील का, याची मला शंका आहे.

मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैकातील नाइन माइल या डोंगराळ खेड्यात झाला. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे आणि वयाने कितीतरी मोठे. त्या वडिलांचा सहवास मुलाला जवळजवळ लाभलाच नाही. पुढे आई त्याला घेऊन किंग्स्टनमधील ट्रेंच टाउन या गरीब वस्तीत राहायला आली. तेथे त्याने वेल्डिंगच्या दुकानात उमेदवारी केली, पण एकदा धातूचा कण डोळ्यात उडाला आणि त्यानंतर त्याने ते काम सोडून गाण्याची वाट धरली. त्या काळी किंग्स्टनची मुले ट्रान्झिस्टर कानाला लावून मायामी आणि न्यू ऑर्लिन्सची केंद्रे शोधत बसत, हवा चांगली असली तर ती लागतही, आणि त्या खरखरीतून ऐकलेल्या अमेरिकन गाण्यांना स्थानिक ठेका मिळून आधी स्का आणि नंतर रेगे या जमैकन संगीतशैली जन्माला आल्या. रेडिओवाल्याने रेडिओचे कौतुक करू नये हे मला मान्य आहे, परंतु ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९६३ साली पीटर टॉश आणि बनी लिव्हिंगस्टन या मित्रांसह त्याने ‘वेलर्स’ हा संच उभा केला, आणि पुढच्या काही वर्षांत तो रास्ताफारी पंथाकडे वळला. १९३० साली इथिओपियाच्या गादीवर बसलेल्या सम्राट हैले सेलासी यांना हा पंथ देवाच्या ठिकाणी मानतो. गुलाम म्हणून आणलेल्या आपल्या पूर्वजांची भूमी आफ्रिका होय, अशी त्याची श्रद्धा आहे. आणि बायबलमधील व्रताला अनुसरून त्याचे अनुयायी केस न कापता जटा राखतात. हे लोक ज्याला पवित्र मानतात त्या वनस्पतीचे जमैकातले नाव आहे ‘गांजा’, आणि तो शब्द १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांबरोबर तेथे पोहोचला.

या संगीताचे मर्म त्याच्या तालात आहे. आपल्या रूपक तालात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, ‘खाली’ म्हणजे रिकामी मात्रा येते, हे तबला शिकणाऱ्या मुलाला लवकरच कळते. मार्लीचा ढोलवादक कार्ल्टन बॅरेट जो ‘वन ड्रॉप’ नावाचा ठेका वाजवीत असे, त्यातही पहिली मात्रा रिकामी सोडलेली असते आणि वजन तिसऱ्या मात्रेवर पडते. पुन्हा सांगतो: पहिली मात्रा रिकामी, वजन तिसरीवर. गिटार मधल्या हलक्या मात्रांवर छोटे फटके मारते, आणि कार्ल्टनचा थोरला भाऊ ॲस्टन याचा बेस गिटार खालून सगळे तोलून धरतो. हा बेस मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ऐकूच येत नाही. मोबाइलवर रेगे ऐकणे म्हणजे आमटीचे वरचे पाणी पिऊन डाळीची चव सांगणे होय.

आता ज्या प्रसंगासाठी मी आज येथे बसलो आहे, तो सांगतो. १९७९ साली मार्लीने ‘झिम्बाब्वे’ नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्या नावाचा स्वतंत्र देश अजून अस्तित्वात आला नव्हता. त्या भूमीला ऱ्होडेशिया म्हणत आणि गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीविरुद्ध तेथे गनिमी युद्ध चालू होते. प्रत्येक माणसाला आपले भवितव्य स्वतः ठरवण्याचा अधिकार आहे, या अर्थाच्या ओळीने ते गाणे सुरू होते, आणि लढणाऱ्या सैनिकांनी ते आपलेसे केले. १९८० च्या एप्रिलमध्ये स्वातंत्र्य मिळायचे ठरले, तेव्हा मार्लीला सोहळ्याचे निमंत्रण गेले. त्याने मानधन तर घेतले नाहीच, उलट ध्वनियंत्रणा आणि साजसामान विमानाने आणण्याचा खर्च स्वतः सोसला.

१७ एप्रिलची रात्र होती. राजधानी सॉल्सबरी, म्हणजे आजचे हरारे, आणि तेथील कष्टकऱ्यांच्या वस्तीतले रुफारो मैदान. मध्यरात्री ब्रिटिश निशाण उतरायचे होते. राजपुत्र चार्ल्स आले होते, भावी पंतप्रधान रॉबर्ट मुगाबे होते आणि आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधीही पाहुण्यांत होत्या. निमंत्रण मात्र निवडकांनाच होते. ज्यांच्या वस्तीत हे मैदान होते ते लोक, आणि रानावनात लढून आलेले कित्येक सैनिक, फाटकाबाहेर उभे होते. आत मार्लीचे गाणे सुरू झाले, भिंतीपलीकडे बेसचा आवाज ऐकू आला, आणि लोकांनी फाटक रेटले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. तो वाऱ्याबरोबर थेट मंचावर आला. साथीला गाणाऱ्या तिघीजणी, ज्यांत मार्लीची पत्नी रीटा होती, डोळे झाकून मंचामागे पळाल्या, वादकही पांगले. मार्ली मात्र सहजासहजी जागचा हलेना. काही वेळाने धूर विरला, गाणे पुन्हा सुरू झाले आणि ‘झिम्बाब्वे’ गायले गेले. खरे क्रांतिकारक कोण ते आता कळले, अशी कोपरखळी त्याने नंतर पळालेल्यांना मारली, असे सांगतात.

पण माझ्या मते खरा प्रसंग दुसऱ्या दिवशीचा आहे. आदल्या रात्री जे बाहेर राहिले, त्यांच्यासाठी मार्लीने त्याच मैदानात पुन्हा, विनामूल्य कार्यक्रम केला. लक्षात घ्या, पहिली रात्र पाहुण्यांची होती, दुसरी फाटकाबाहेरच्यांची.

त्यानंतर पाचच महिन्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला. पायाच्या अंगठ्यातील कर्करोगाचे निदान १९७७ मध्येच झाले होते, परंतु अंगठा कापून टाकण्यास त्याने नकार दिला होता. २३ सप्टेंबर १९८० रोजी पिट्सबर्गमध्ये तो शेवटचा गायला. नाइन माइलमध्येच त्याची समाधी आहे. २०१८ साली युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला.

श्रोतेहो, आता तेच गाणे लावतो आहे, ‘झिम्बाब्वे’. घरात मोठा रेडिओ असेल तर तो लावा, आणि पहिली मात्रा कुठे रिकामी राहते तेवढे बोटांवर मोजून पाहा.