दिवाणजींचा ताळा
(सांगलीत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

प्रोग्रामर म्हटलं की तुम्हाला मोबाइलचं ॲप किंवा बँकेची साइट आठवते. माझं काम त्यातलं नाही, मी नदीच्या पुराचा हिशेब करणारे प्रोग्राम लिहितो. माझे प्रोग्राम वापरणारे जगात वीस-पंचवीस जण असतील, आणि ते सगळे माझ्यावर संशय घेतात. घ्यायलाच हवा.

मी इथलाच. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी होते. मी विश्रामबागेला सायकलवरून जाऊन फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं, मग पुण्याला एम.एस्सी. कॉम्प्युटर शिकायला असा मी कुठे गेलोच नाही. प्रोजेक्टला सरांनी एक जुना फोरट्रानचा प्रोग्राम हातात दिला आणि 'चालव' म्हणाले, तेवढंच. ही भाषा 1957 ची, आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटानं केलेली. म्हातारी म्हणून हसू नका, हवामानाची कितीतरी मॉडेलं अजून तिच्यावरच चालतात.

प्रोजेक्ट होता तलावातल्या पाण्याचा हिशेब. किती आलं, किती सोडलं, किती आटलं, किती उरलं. आटलेल्या पाण्याला मी नाव दिलं 'लॉस'. उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर आटतं, म्हणून सेंटिमीटरमध्ये 0.8 भरलं. प्रोग्राम बिनतक्रार चालला. मी खूश! सुट्टीला घरी आलो तेव्हा तो लांबलचक कागद सोप्यात पसरला. वडिलांना इंग्रजी बेताचंच, पण रकाने कळायचे. बोट वरून खाली नेत म्हणाले, "ही सगळी शून्यं कशी रे? मे महिन्यात तळं आटलंच नाही होय?"

जुन्या फोरट्रानमध्ये वेगळं सांगितलं नाही, तर आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव म्हणजे पूर्णांक. लॉसचा एल नेमका त्यात. 0.8 चा अपूर्णांक उडाला, उरलं शून्य. 'इम्प्लिसिट नन', म्हणजे 'न सांगता काही धरू नकोस', ही एक ओळ वर लिहिली असती, तर मशीननंच अडवलं असतं. ती ओळ तेव्हापासून एकदाही विसरलो नाही.

वडील कीर्दीची बेरीज वरून खाली करायचे, मग खालून वर. "ताळा जमला म्हणजे बरोबर असं नसतं, पण जमला नाही तर नक्की चूक," असं त्यांचं म्हणणं. 54 च्या जागी 45 लिहा, अंकांची बेरीज दोन्हीकडे नऊच, नवाचा ताळा मुकाट जमतो. पुढे पुण्यात वीस वर्षं पुराची मॉडेलं केली, तिथे मला हेच पुरलं. मॉडेल मीटर आणि घनमीटरमध्ये, आपल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फुटात, कोयना धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटात, साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटात; एका मापातून दुसऱ्यात जाताना ताळा हवाच. 11,574 क्युसेक दिवसभर सोडलं की एक टीएमसी, हे मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलंय. धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, ते तुमच्यातल्या कित्येकांनी माडीवरून पाहिलं असेल. त्या आठवड्यात स्क्रीनवरचा आकडा वाचताना माझा हात थरथरत होता. आईचं घर त्याच आकड्यात होतं.

आता छंदाचं विचारलंत म्हणून. रविवारी मी मिरजेला तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत बसतो. तारेच्या आवाजात अनेक स्वरांश, म्हणजे बारीक उपस्वर, मिसळलेले असतात. तार छेडली त्या जागी ज्या स्वरांशाचा निश्चल, म्हणजे न हलणारा, बिंदू येतो, तो स्वरांश ऐकू येऊ नये, असं पुस्तक सांगतं. तंबोऱ्यात तो येतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच यावर लिहिलंय. कारण घोडीच्या, म्हणजे तारेखालच्या आधाराच्या, किंचित उतरत्या पाठीवर तार घासते, आणि तारेखाली सरकवलेलं सूत घासण्याची जागा नेमकी साधतं. तीच जवारी. हे मी समीकरणात बसवलं, आवाज काढला आणि मोठ्या ऐटीत तिथल्या कारागिराच्या कानाला हेडफोन लावला. त्यानं डोळे मिटले, क्षणभर ऐकलं.

"साहेब, जवारी बंद आहे हिची."

घोडीचा उतार मी सपाटच धरला होता. आता कानस घेऊन तो पाठ कशी घासतो ते बघत बसतो, आणि घरी येऊन आकडे बदलतो. अजून उघडलेली नाही.