दुखत नाही ना, मग दाखवायला या

नमस्कार मैत्रिणींनो, मावश्यांनो. हळदीकुंकवाला बोलावलंत आणि वर छातीतल्या गाठी आणि स्तनांचा कॅन्सर या विषयावर बोलायला सांगितलंत, मला खरंच बरं वाटलं.

ओपीडीत एक प्रसंग मी कितीदा तरी बघितलाय. बाई येते, पाठ दुखते म्हणते, ॲसिडिटीचं सांगते, मी गोळ्या लिहून देते, ती उठते, दारापर्यंत जाते आणि कडीला हात लावून मागे वळते, मॅडम अजून एक होतं. ते अजून एक म्हणजे छातीतली गाठ. कधीपासून आहे? तर गणपतीपासून, आणि सांगतेय कधी, तर होळीला. मधे दिवाळी झाली, पोरीची परीक्षा झाली, पुतण्याचं लग्न झालं. अगं मग आधी का नाही आलीस, तर म्हणे दुखत नव्हतं ना.

तेच सांगायला आलेय. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आपण काय करतो, दुखलं तर बघू म्हणून अंगावर काढतो, कुणी लेप सांगतं, कुणी हळद सांगतं, आणि महिने जातात. पाळीच्या आधी दोन्हीकडे जड होतं, ठणकतं, त्याची आपण काळजी करत बसतो आणि त्यात बहुतेकदा काही नसतं.

घाबरू पण नका हं. दहा गाठींतल्या आठ तरी कॅन्सरच्या नसतात. विशी-पंचविशीतल्या मुलींची गाठ बोटाखालून गोटीसारखी सुळकन सरकते, ती बहुतेकदा साधी, फायब्रोॲडिनोमाची, म्हणजे कॅन्सर नसलेली असते, चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी होतात. पण नुसतं चाचपून कुठली कुठली हे तुम्हाला सोडा, मलाही खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तर तपासणी.

आता थांबायचं किती. पाळी चालू आहे आणि पाळीच्या तोंडावर गाठ लागली, तर पाळी येऊन जाऊ दे, मग परत बघा, तीन बोटं जुळवून सपाट दाबायची, चिमटीत धरून बघू नका, चिमटीत सगळंच गाठीसारखं लागतं. गेली असेल तर ठीक, तशीच असेल तर त्याच आठवड्यात या. पाळी बंद झालेल्यांनी मात्र अजिबात वाट बघायची नाही. आणि गाठ लागत नसली तरी कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली, खळी पडली, बोंड आधी बाहेर होतं ते आता आत ओढलं गेलंय, त्यातून रक्ताळ पाणी येतंय, बोंडावरची खपली मलम लावून पण जात नाहीये, काखेत गाठ लागतेय, यातलं एक जरी असलं तरी यायचं. बाळाला पाजणाऱ्यांना सासूबाई सांगतात दुधाची गाठ आहे, बहुतेकदा खरंच तीच असते, पण लाल झालं, ताप आला तर लगेच दाखवा, आणि औषध घेऊन आठ-पंधरा दिवसांत गेली नाही तर सोनोग्राफी करा, पाजताना ती चालते, पोटुशी असताना पण चालते. आणि हो, पुरुषांनाही होतो हा कॅन्सर, याच्या शंभर पेशंटमधे एखादा पुरुष असतो, तर घरी नवऱ्याला, भावालाही सांगून ठेवा.

दवाखान्यात काय करतात याची भीती जास्त असते म्हणून सांगते. आधी हाताने तपासणी, मग वयाप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, त्यात छाती दोन प्लेटमधे काही सेकंद दाबतात, दुखतं थोडं, खोटं कशाला बोलू. संशय वाटला तर जागा बधिर करून जाड सुईने शेवईएवढा तुकडा काढतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो असं गावभर बोललं जातं, तसं होत नाही. आणि कुणी म्हणालं चला गाठ काढून टाकू, मग बघू काय ते, तर स्पष्ट विचारायचं, आधी सुईची तपासणी का नाही? लवकर कळलं तर पुष्कळ जणींची छाती वाचवता येते, ऑपरेशनमधे फक्त गाठ काढून भागतं, पुढे बहुतेकींना रेडिएशन मात्र घ्यावं लागतं.

तुम्ही म्हणाल मोठी मशीन कुठून आणायची. मुंबईत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या वस्त्यांत ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या, आणि वीस वर्षांनी बघितलं तर पन्नाशीपुढच्या बायकांमधे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी निघाले. नुसत्या हाताने! अशीच तपासणी तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रातही करतात, आशाताईंना विचारा, लाजू नका.

चला, आता प्रश्न विचारा. ज्यांना चारचौघींत विचारायचं नाही त्यांच्यासाठी मी मागच्या खोलीत तासभर बसणारे, पडदा लावलाय, सिस्टर सोबत आहेत. वाण घेऊन निघायच्या आधी तिकडून जा.