घास अडकल्यासारखं वाटतंय? आधी आवंढे गिळणं थांबवा!

नमस्कार! कमेंटमध्ये पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येतोय: "जेवून दोन तास झाले, घास अजून घशातच आहे, काय करू?"

आधी तातडीचं सांगते. मोठ्या माणसाला बोलता-खोकता येत नसेल, श्वास कोंडला असेल, तर दोन खांद्यांच्या मधोमध 5 जोरदार फटके, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पोट आत-वर दाबत 5 झटके, आलटून पालटून, आणि ॲम्ब्युलन्स. श्वास ठीक आहे, पण थुंकीही गिळता येत नाही, लाळ गळतेय? घास अन्ननलिकेत खरंच अडकलाय. लगेच हॉस्पिटल, तो 6 तासांच्या आत दुर्बिणीने काढावा लागतो. आणि "वरून कोरडा घास ढकला" असं लिहिणाऱ्यांनो, कृपा करा! नळी बंद असताना वर भर टाकली तर ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आता बाकीचे. स्वतःला विचारा, जेवताना गोळा कमी होतो की वाढतो? कमी होत असेल, एरवीच जाणवत असेल, तर तिथे बहुधा अन्न नाहीच. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो. तो आवळलेला राहिला किंवा वर आलेल्या आम्लाने जागा चुरचुरली, की हुबेहूब असंच वाटतं. ह्याला ग्लोबस म्हणतात.

आणि इथेच लोक घोळ घालतात. 'गेला का बघू' म्हणून आवंढा, परत आवंढा. लाळ संपली की पुढचा आवंढा नीट उतरत नाही, मग वाटतं, बघा, अडकलंच आहे! ठणठणीत माणसानेही लागोपाठ पाच-सहा कोरडे आवंढे गिळून बघावेत, त्यालाही गोळा जाणवेल. खाकरण्याचंही तेच. स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, मग पुन्हा खाकरावंसं वाटतं. तपासायची हुक्की आली की पाण्याचा छोटा घोट घ्या. बस.

आम्लपित्त असेल तर झोपण्याआधी 3 तास काही खाऊ नका. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंमीचे ठोकळे ठेवा. उशांची चळत नको, तिने पोट दुमडून उलट दाब वाढतो.

पण जेवतानाच अडकतंय, आधी घट्ट आणि मग पातळही, वजन घटतंय, गिळताना दुखतंय, आवाज 3 आठवडे बसलाय, मानेत गाठ आहे? मग थांबू नका. बोट गळ्याकडे दाखवत असलं तरी अडथळा 25 सेंमी नळीच्या पार तळाशी असू शकतो. म्हणून नुसता घसा बघून "काही नाही" ऐकलंत, तर अन्ननलिकेची एन्डोस्कोपी (दुर्बिणीने आतून तपासणी) झाली का ते विचारा. दमा-ॲलर्जी असलेल्या तरुणांना वारंवार अडकत असेल, तर दुर्बिणीत नळी वरवर चांगली दिसली तरी तिच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडा (बायोप्सी) तपासायला घ्यायला सांगा.