आधण

(पहाट. कोपरखैरणेतलं स्वयंपाकघर. परातीत पीठ, बाजूला वाफाळतं पातेलं.)

काकूंचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तीस वर्षं नवी मुंबईत आहेत, पण डब्याला भाकरीच लागते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून हे कढत आधण. त्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा एकजीव होतो. पीठ जुनं झालं की ते ‘विरी जातं’, भाकरी थापताना कडेला चिरते.

(वाशी. दाणा बाजार. पोत्यांच्या थप्प्या.)

इथे दाणा मुठीत घेऊन उजेडात बघतात. टपोरा, पांढरा, चकचकीत असेल तर नाव येतं मालदांडीचं. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढणारी ही रब्बीची ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

(शेत. वाऱ्यावर डुलणारी कणसं.)

१९६४ साली देशातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं, सीएसएच-१. खरिपाचं उत्पादन वाढलं. पण दाणा भरताना पाऊस लागला की बुरशी येते, दाणा काळवंडतो आणि भाव पडतो. शिवाय शेतकऱ्याला नुसतं धान्य पुरत नाही. दावणीच्या जनावरांना कडबाही हवा, तोही गोड आणि उंच.

हे सगळं एका प्रयोगशाळेला पेलणारं नाही. म्हणून देशभरातल्या संशोधन केंद्रांच्या समन्वित प्रकल्पात एकच वाण वेगवेगळ्या ठिकाणी पेरून पारखतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं तर जमिनीची खोली बघून वाणं दिली: हलक्या रानाला फुले अनुराधा, भारी रानाला फुले वसुधा. परभणीचं विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी मिळून केलेली ‘परभणी शक्ती’ २०१८ मध्ये आली. तिच्या दाण्यात लोह आणि जस्त जास्त आहे. रक्त कमी असलेल्या बायाबापड्यांच्या ताटात ते भाकरीतूनच जावं, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

फक्त एक मागणं आहे. वाण पक्कं व्हायच्या आधी पीठ काकूंसारख्यांच्या हाती गेलं पाहिजे. कारण भाकरी थापता आली नाही, तर लोह पोत्यातच राहील.

(पुन्हा स्वयंपाकघर.)

आम्ही परभणी शक्तीचं पीठ आणलंय. काकू चिमूटभर घेऊन बोटांत चोळतात, वास घेतात.

“दळून किती दिवस झाले?”

कालच दळलंय, म्हटल्यावर त्या पातेलं पुन्हा गॅसवर ठेवतात.