पेटीतले कागद
(मेळघाटातल्या 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या मार्गदर्शन वर्गावरील माहितीपट : निवेदन)

(दृश्य : पत्र्याची पेटी उघडते)

धारणी तालुका, जिल्हा अमरावती. डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या कोरकू मुलांच्या वर्गाची सुरुवात या पेटीपासून होते. शिकवणारे ताई-दादा आश्रमशाळेतून शिकून आता एमबीबीएस करणारे. अकरावीच्या पहिल्याच महिन्यात ते विचारतात, "आजोबांचा काही कागद आहे का घरात?"

अनुसूचित जमातीच्या राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, तो खरा असल्याचं वैधता प्रमाणपत्र लागतं. आणि वैधतेला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची, म्हणजे अनुसूचित जमातींची यादी निघण्याआधीची नोंद सगळ्यात वजनदार. त्या वर्षी अमरावती जिल्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून जुनं दप्तर त्या काळच्या पद्धतीचं.

(दृश्य : जीर्ण पान, त्यावरून फिरणारं बोट)

हे कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू यात नोंदवले जायचे. नीट बघा, आडनाव कुठेच नाही. आधी नाव, मग 'वल्द' म्हणजे 'मुलगा', मग बापाचं नाव. जातीच्या रकान्यात 'कोरकू'. आज आधारवर आडनाव आहे, टीसीवर तेच आडनाव जरा वेगळं लिहिलेलं. हे सांधायचं वंशावळीच्या शपथपत्राने. पणजोबा, आजोबा, वडील, मूल, आणि प्रत्येक पायरीला एक पुरावा : शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जमिनीचा जुना कागद, जे सापडेल ते. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची वैधता झालेली असेल तर तीही लावायची. आईकडच्या नात्यातली चालत नाही. तरी कुणी ना कुणी ती लावतंच.

अर्ज कॉलेजमार्फत तपासणी समितीकडे जातो. समितीला शंका आली की दक्षता पथक गावात येतं. देव कोणते, लग्नात काय करता, असे आप्तभावाचे, म्हणजे जमातीशी नातं जुळतं का हे पाहणारे प्रश्नही होतात. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही कागद भक्कम असलेला बरा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव सुरू केली, तर चौकशी होईपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या उरकतात. गुण असून जागा जाते ती अशी.

(दृश्य : फळा, त्यावर एकाच गोष्टीची दोन नावं)

घरात कोरकू, शाळेत मराठी, अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत. दहावीपर्यंतची 'तंतुकणिका' आता 'मायटोकॉन्ड्रिया' झाली. म्हणून प्रत्येकाची वही दोन रकान्यांची. नीटचा पेपर मराठीत घेता येतो, शेजारी इंग्रजीही छापलेलं असतं, पण भाषांतराचा वाद झाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य. भाषा फॉर्म भरतानाच निवडायची असते. आधी दोन्ही भाषांत सराव पेपर सोडवून बघायचा आणि मगच ठरवायचं, हा इथला नियम.

फिजिक्स अडतं ते गणितापाशी. गणित सोडून बायोलॉजी घेतलेल्यांना साइन-कोसाइन, लॉग, आलेखाचा उतार हे आधी शिकवावं लागतं. वेळापत्रकात त्याला जागा नसते. रात्री जेवणानंतर मांडी घालून बसतात.

(दृश्य : ओएमआर शीट, म्हणजे गोल भरायची उत्तरपत्रिका, बॉलपेनचं टोक)

१८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. बरोबरला चार, चुकीला वजा एक. निम्मे प्रश्न, म्हणजे ९०, एकट्या बायोलॉजीचे. ते पाऊण तासात उरकले तर फिजिक्सला तास सव्वा तास मिळतो. आता या पोरीचा हात बघा. ४७वा प्रश्न तिने सोडला आणि ४८व्याचं उत्तर ४७च्या गोलात भरलं. पुढचे अकरा गोल एकेक घर वर सरकले. पेन खोडता येत नाही. म्हणून इथे प्रश्नपत्रिकेचं एक पान सोडवायचं, मग त्या पानाचे गोल भरायचे, भरताना प्रश्नक्रमांक पुटपुटायचा. सराव परीक्षेत हे पुटपुटणं वर्गभर ऐकू येतं.

शंभर जागांच्या सरकारी कॉलेजात राज्य कोट्याच्या ८५, त्यात अनुसूचित जमातीच्या साधारण सहा. काहींना मिळतात, काही पुन्हा बसतात.

(दृश्य : पेटी, झाकण अर्धं उघडं)

पेटीत आता सगळ्यात वर एक नवा कागद आहे, थोरल्याचं वैधता प्रमाणपत्र. धाकटी नववीत आहे. तिच्या अर्जाला हाच लावायचा.