साखरेच्या दाण्यांची शिरगणती

नमस्कार! ही चिमूटभर साखर काळ्या कागदावर पसरते. कॅमेरा जवळ आणला की दिसेल, दाणे एकसारखे नाहीत. हा बारीक. हा बघा जोडदाणा, दोन दाणे एकमेकांना चिकटलेले. याला बाजूला ठेवू, तो लागणार आहे.

कारखान्यात व्हॅक्युम पॅनमधल्या, म्हणजे कमी दाबाखाली सिरप उकळण्याच्या भांड्यातल्या, दाट सिरपमध्ये साखरेच्या अतिबारीक कणांची स्लरी, म्हणजे द्रवात कालवलेले कण, सोडतात. हे झालं बियाणं. त्यावर साखर चढत जाते. समजा, 10 मायक्रॉनचा, म्हणजे 0.01 मिलिमीटरचा, कण वाढून 1 मिलिमीटरचा झाला. लांबी 100 पट, म्हणजे वजन 10 लाख पट! 1 ग्रॅम बियाण्यातून 1 टन साखर! प्रत्यक्षात बियाणं जास्त घालावं लागतं, कारण काही कण विरघळतात, काही चिकटतात.

पण अट अशी की मध्येच नवा दाणा पडता कामा नये. सिरप प्रमाणाबाहेर अतिसंपृक्त झालं, म्हणजे मावते त्याहून फारच जास्त साखर त्यात विरघळलेली राहिली, की आपोआप बारीक दाणे पडतात. याला फॉल्स ग्रेन म्हणतात. तेवढीच साखर आता कितीतरी जास्त दाण्यांत वाटली जाते आणि कुणीच धड वाढत नाही. पुढे सेंट्रिफ्यूगलमध्ये, म्हणजे गरगर फिरवून दाणे आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्रात, हे बारीक दाणे जाळीतून मळीबरोबर निसटतात, नाहीतर थर चोंदवतात. आणि पॅनमधला वजनाचा ताळेबंद मात्र अगदी बरोबर असतो! म्हणून मला मनापासून वाटतं, स्फटिकीकरण शिकवताना वजनाइतकीच डोकी मोजायलाही शिकवावीत.

जनगणनेत वयोगट असतात, इथे आकाराचे गट. दाणा वाढला की पुढच्या गटात गेला. नवा पडला तर जन्म, विरघळला तर मृत्यू, फुटला तर एकाचे दोन. हाच पॉप्युलेशन बॅलन्स, म्हणजे दाण्यांच्या संख्येचा ताळेबंद. 1964 मध्ये हल्बर्ट आणि कॅट्झ यांनी रासायनिक अभियांत्रिकीत ही चौकट मांडली.

खरी अडचण चिकटण्याची. 50 गट धरले तर कोण कुणाला चिकटेल याच्या 1275 जोड्या होतात! शिवाय जोडदाणा कुठल्याच गटात नेमका बसत नाही. समजा, गट आहेत 4 आणि 8 वजनाचे, आणि जोडदाणा झाला 5 चा. तो 4 मध्ये ढकलला तर 1 वजन हरवलं. संजीव कुमार आणि दोराईस्वामी रामकृष्ण यांनी 1996 मध्ये सुरेख तोड काढली: पाऊण दाणा 4 च्या गटात, पाव दाणा 8 च्या गटात. संख्या 1. वजन 3 अधिक 2, बरोबर 5. दोन्ही जुळलं! रामकृष्ण हे मुंबईच्या यूडीसीटीचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे), विद्यार्थी.

आता तो बाजूला ठेवलेला जोडदाणा घ्या. दोघांच्या मधली ही फट दिसते? मळी इथेच अडकते. वरून कितीही पाणी मारलं तरी ती निघत नाही, आणि साखरेचा रंग तिथून बिघडतो.